प्रेक्षकांना आधी हलवा

वादी कबीर, मस्कत
२५ मार्च २०२६

चि. देवेश यास मामाचे अ. उ. आ.

ताजी बातमी अशी की, तुला आणि मला ‘घाग-साळवी परिवार’ या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं आहे. तुझ्या आईने, म्हणजे आमच्या अक्काने, काल स्वतः फोन करून या बातमीला दुजोरा दिला. कारण तुला ठाऊक आहे. आकांक्षाच्या साखरपुड्याचे फोटो ग्रुपवर आले आणि त्यावर आपण दोघांनी अमेरिकेत फुटबॉल चालणार की नाही याचे इतके मेसेज टाकले, की नवरा मुलगा कसा दिसतो ते बघायला लोकांना अंगठा दुखेपर्यंत वर जावं लागलं. आकांक्षाच्या होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं म्हणे, हे दोघे कोण आणि यांची जमिनीची काही भानगड आहे का.

अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली, पण तिचा लाल पेन झाला नाही. तिचा हुकूम असा : चेंडूविषयी जे काही बोलायचं ते कागदावर, शाईने, नीट मायना घालून लिहायचं. फोटो काढून एकमेकांना पाठवायचा आणि एक प्रत तिला. लिहिताना हात दुखतो, त्यामुळे माणूस कमी मूर्खपणा करतो, असं तिचं म्हणणं. माझा आताच दुखायला लागला आहे.

तरी मुद्दा सोडत नाही. तू म्हणतोस, अमेरिकेतली सगळी पोरं सॉकर खेळतात, आया त्यांना गाडीतून मैदानावर नेतात, म्हणजे उद्या तिथे फुटबॉलच फुटबॉल. अरे, लहानपणी आपल्याकडे सगळेच लंगडी खेळतात. लंगडीची मॅच बघायला तिकीट काढून कोणी जातं का? ती पोरं मोठी होतात आणि अंड्यासारखा चेंडू घेऊन पळणाऱ्यांना बघायला जातात. ज्या देशाने पायाच्या खेळाचं नाव हाताच्या खेळाला देऊन टाकलं, त्याच्याकडून काय अपेक्षा? शिवाय फुटबॉल मध्ये थांबत नाही. थांबला नाही तर अमेरिकन माणूस खायला उठणार कधी? जूनमध्ये विश्वचषक आहे, मैदानं भरतील, मान्य. पण ते जगभरचे पाहुणे. पाहुणे गेल्यावर घरात कोण उरतं ते बघायचं.

बाकी इथे सगळं ठीक. ईदच्या सुट्टीनंतर वर्कशॉप आज उघडलं. अर्ध्या मस्कतने सुट्टीत गाड्या ठोकल्यात, त्यामुळे पंधरा दिवस मान वर करायला फुरसत नाही. स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवरची खुर्ची अजून रिकामी आहे. अर्बाबला, म्हणजे आमच्या ओमानी मालकाला, सांगून ठेवलं आहे की भाचा येईल. तिकडे ओहायोत बदकांच्या संघाची तिकिटं विकण्यापेक्षा ब्रेक पॅड विकणं केव्हाही बरं, ते लागतातच. विचार कर.

कळावे. लोभ आहे तो वादात खर्च होऊ देऊ नये, ही विनंति.

तुझा
तानामामा

ता. क. देवेशदादा, मी उर्वी. पप्पाने मला पण लिहायला लावला. माझी मराठी वीक आहे, सॉरी आत्या. पप्पाने तुझ्या टीमचा बदक ड्रॉ करून फ्रिजवर लावली. खूप बॅड दिसते. पण रोज तुझा स्कोर बघतो.


मिलब्रुक, ओहायो
३१ मार्च २०२६

ती. मामांना सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लंगडीचा मुद्दा वाचून ऑफिसात एकटाच हसलो. मग तिकीटविक्रीचा हिशेब उघडला, आणि हसू थांबलं.

आई हे वाचणारच आहे, तेव्हा एकदाच दोघांना खरं सांगून टाकतो. आमच्या क्लबचं नाव मिलब्रुक मॅलर्ड्स. मॅलर्ड म्हणजे बदकच, पण रानटी, उडणारं. तेवढा फरक फ्रिजवरच्या चित्रात दाखवावा. आम्ही खेळतो ते मैदान एका शाळेचं, अंड्याच्या चेंडूसाठी बांधलेलं. दोन्ही बाजूंना अजस्र स्टँड. त्यात आमचे प्रेक्षक बसतात दवाखान्यात बसतात तसे : ओळखीचा असला तरी मध्ये चार खुर्च्या सोडून. गोल झाला की टाळ्या वाजतात, पण त्या वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या वाजतात. गोलकीपर बचावफळीला ओरडला की समोरच्या रिकाम्या स्टँडवरून त्याचा आवाज परत येतो, आणि तो स्वतःच दचकतो.

मालक मिस्टर हॅनिगन यांचा घरांची छपरं घालण्याचा धंदा आहे. माणूस सरळ आहे. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं : विश्वचषक सुरू होईपर्यंत बघतो. तोवर हेच चित्र राहिलं तर दुसऱ्या शहरातला एक जण क्लब घ्यायला तयार आहे. त्याला बदकं हवीत, बदकांची तिकिटं विकणारा नको. क्लब गेला की माझ्या कामाच्या परवान्याचे कागदही कोणी भरणार नाही. मग मामा, तुमची खुर्ची.

ग्रुपवर वर्षभर मी सांगत होतो ना, की अमेरिका फुटबॉलवेडी होणार? ते मी तुम्हाला कमी आणि स्वतःलाच जास्त सांगत होतो.

आम्ही सगळं करून पाहिलं. टोप्या वाटल्या. शाळेचा बँड बोलावला. बँडवाल्यांचे आईवडील आले आणि बँड संपल्यावर बँडसकट निघून गेले. मागच्या सामन्यात मध्यंतराला खऱ्या बदकांची शर्यत ठेवली. बदकं सुटली आणि सरळ पाहुण्या संघाच्या बाकाखाली जाऊन बसली. दुसरा अर्धा भाग उशिरा सुरू झाला.

मामा, चेष्टा बाजूला ठेवून विचारतो. तुमच्या अर्बाबच्या गावी, रुस्ताकला, मातीच्या मैदानावर लोक जीव टाकून सामना बघतात असं तुम्ही नेहमी सांगता. ते तिथे नक्की काय करतात?

मामींना नमस्कार, उर्वीला शाबासकी. कळावे. तुमच्या लोभाला सध्या तरी मला दुसरा पर्याय नाही.

तुमचा
देवेश


चिपळूण
३ एप्रिल २०२६

चि. तानाजी व चि. देवेश, दोघांस अ. आ.

दोघांची पत्रं तपासली. तानाजी, तुला दहापैकी पाच. मजकूर बरा, पण ‘विनंती’ची वेलांटी अजून चुकते, आणि पोराला ब्रेक पॅडची भीती घालायची काही गरज नव्हती. देवेश, तुला सहा. ‘अजस्र’ बरोबर लिहिलंस म्हणून एक जास्त. उर्वीला सात. तिच्या चुका आहेत, पण थापा नाहीत.

आता खेळाबद्दल. मला त्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचं नाही. पण देवेश, एक स्पष्ट सांगते. तू परत आलास तर मला आनंद होईल. मस्कत काय, विमानात बसलं की जेवण संपायच्या आत येतं. पण तू हरून परत आलास तर तो आनंद मला लपवावा लागेल, आणि ते मला जमत नाही हे तुझ्या बाबांना विचार. तेव्हा आधी तिथलं नीट कर. मग यायचं तर ये.

तानाजी, मुलाने काही विचारलं आहे. त्याला टोमणे न मारता उत्तर लिही. सुटसुटीत वाक्यं. कंसात विनोद नको.

कळावे. लोभ आहेच, मार्क वेगळे.

रखमा


वादी कबीर
९ एप्रिल २०२६

चि. देवेश यास अ. उ. आ.

अक्काने सांगितल्याप्रमाणे सुटसुटीत लिहितो.

गेल्या शुक्रवारी अर्बाबबरोबर मुद्दाम रुस्ताकला जाऊन आलो. त्यांच्या गावचा संघ आणि शेजारच्या गावचा संघ. आता इथेही सगळं भरभरून वाहतं असं समजू नकोस. देशाचा संघ खेळतो तेव्हा ठीक, पण एरवी शहरातल्या सामन्याला कधी कधी आपण आणि पंच एवढेच. गावात मात्र निराळं.

सुरुवातीला तुझ्या ओहायोसारखंच होतं. सपाट केलेली माती, चारी बाजूंनी गाड्या. कोणी गाडीत एसी लावून, कोणी भिंतीवर, कोणी लांब टेकाडावर. मग अर्बाबचा काका आला. पांढरी दाढी, हातात काठी. त्याने एका बाजूला लांबच्या लांब चटया घालायला लावल्या आणि यल्ला, यल्ला करत सगळ्यांना हाका मारल्या. थोड्या वेळात एसीतला माणूससुद्धा खांद्याला खांदा लावून पंचाच्या खानदानाची चौकशी करत होता. मीही होतो. मला आपला संघ कोणता ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण घसा बसला.

तेव्हा सल्ला एकच. टोप्या, बँड, बदकं, सगळं खलास कर. प्रेक्षकांना आधी हलवा. खेळ सुरू व्हायच्या आधीच हलवा, मध्यंतराची वाट बघू नका. म्हातारा असो, पोर असो, बाई असो, कोणाला वगळू नका. कोणी नको म्हणालं तरी हलवा. पहिल्यांदा सगळे नकोच म्हणतात. अर्धवट करू नका, भरपूर हलवा. आणि जे करायचं ते उजव्या हाताने, हसतमुखाने, मानाने. मग माणूस सामना संपेपर्यंत घरचं नाव काढत नाही. मी डोळ्यांनी बघितलं आहे.

एवढं करूनही अमेरिका सुधारणार नाही, ते माझं मत कायम आहे. पण तुझं गाव कदाचित सुधारेल, इन्शाल्ला.

बाहेर अपघाताची गाडी आली आहे, शांताराम पेंटर हाका मारतो आहे. कळावे. लोभ भरपूर आहे, वेळ नाही.

तुझा
तानामामा


मिलब्रुक
४ मे २०२६

ती. मामांना सा. न. वि. वि.

मामा, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. लोकांना हलवलं.

तुमचं पत्र वाचलं तेव्हा आधी विश्वास बसला नाही. इतकं साधं? पण जितक्या वेळा वाचलं तितकं पटत गेलं. आमच्याकडे माणसं कमी नव्हती, लांब लांब होती. मी मॅनेजर बाईंना सांगितलं, एका गोलच्या मागचा छोटा स्टँड तेवढा उघडा ठेवायचा, बाकी सगळीकडे दोऱ्या बांधायच्या. त्या म्हणाल्या, लोक चिडतील. मी म्हटलं, पहिल्यांदा सगळे नकोच म्हणतात.

१८ एप्रिलला सामन्याआधी आम्ही चौघांनी एकेकाला हलवलं. कोणाला वगळलं नाही. अवघड गेले ते मिस्टर डॉबिन्स. निवृत्त पोस्टमन. समोरच्या स्टँडमध्ये सर्वांत वरच्या रांगेत, कोपऱ्यात, थर्मास घेऊन एकटेच बसायचे. ते म्हणाले, मी इथून हलणार नाही. मी तुमचं वाक्य आठवून उजवा हात पुढे केला आणि हसत उभा राहिलो. खूप वेळ उभा राहिलो. हात दुखायला लागला. शेवटी त्यांनाच लाज वाटली असावी. उतरताना त्यांनी विचारलं, ही कल्पना कोणाची? मी म्हणालो, ओमानमधल्या माझ्या मामांची. इंग्रजीत मामाला वेगळा शब्द नाही, त्यामुळे आता सगळ्या क्लबमध्ये ‘अंकल फ्रॉम ओमान’ म्हणून तुमची ख्याती आहे. कोणीतरी मोठे सल्लागार आहेत असा समज आहे. मी तो दूर केलेला नाही.

मग काय झालं सांगू? पहिली काही मिनिटं सगळे अवघडून बसले, लग्नात अनोळखी पंगतीत बसतात तसे. मग आमचा गोलकीपर चुकला. डॉबिन्स त्याला काहीतरी बोलले. शेजारच्या बाई डॉबिन्सना म्हणाल्या, त्याला बोलू नका, तो दिवसा माझ्या मुलीच्या शाळेत शिकवतो. पुढच्या रांगेतला एक जण मागे वळून म्हणाला, म्हणूनच त्याचं लक्ष नसतं. आणि सुरू झालं. लोक भांडले, हसले, एकमेकांचे शेंगदाणे खाल्ले. दुसऱ्या अर्ध्यात गाणं सुरू झालं. त्यात शब्द एकच होता, ‘क्वॅक’, पण सगळ्यांनी मिळून म्हटला. सामना आपण हरलो. मामा, हरलो, आणि कोणी घरी जायला उठेना!

कोणीतरी त्या एका स्टँडचा व्हिडिओ टाकला. त्यात आजूबाजूचं रिकामं मैदान दिसतच नाही, नुसती खच्चून गर्दी दिसते. परवा, २ मेच्या सामन्याला त्या स्टँडची सगळी तिकिटं आदल्या दिवशीच गेली. क्लबकडे ‘तिकिटं संपली’ अशी पाटीच नव्हती, कारण कधी लागलीच नव्हती. मिस्टर हॅनिगननी स्वतः छपराच्या पत्र्यावर रंगवून आणली. रंग ओला असतानाच टांगली आणि समोर उभे राहून तिच्याकडे बघत राहिले.

अजून निर्णय झालेला नाही. विश्वचषकाआधी घरचा एक सामना उरला आहे, ३० मेला. तेव्हा खरं काय ते कळेल. पण मामा, हे सगळं तुमच्यामुळे. इतकी वर्षं तुम्ही गाड्यांचे पत्रे ठोकण्यात घालवलीत, हे फुटबॉलचं नुकसान आहे.

कळावे. लोभ आहे हे आता पुराव्यानिशी कळलं आहे, तो तसाच राहावा.

तुमचा
देवेश


वादी कबीर
६ मे २०२६

ती. अक्कास सा. न. वि. वि.

देवेशच्या पत्राची प्रत तुला मिळालीच असेल. हे पत्र फक्त तुला आहे, त्याची प्रत कोणालाही पाठवू नकोस.

अक्का, मी हलवा म्हणालो तो खायचा.

रुस्ताकला त्या म्हाताऱ्या काकाने चटयांवर सगळ्यांना बसवलं आणि हलव्याची परात फिरवली. काळाभोर, केशर-वेलचीचा, तुपाने चमकणारा. सोबत कडू कॉफी. इथे कुठल्याही बऱ्या गोष्टीची सुरुवात त्यानेच होते. उजव्या हातानेच घ्यायचा असतो. कोणी नको म्हणालं तरी पुढे करायचा असतो. मला वाटलं, देवेश तिथे खिरीसारखं काहीतरी, निदान डोनट तरी वाटेल. मला काय माहीत तो माणसं हलवेल! एका म्हाताऱ्या पोस्टमनला त्याने माझ्या नावावर जागेवरून उठवलं, गं. तो पडला बिडला असता तर?

इथे तर आणखीच पंचाईत. क्लबचे सामने इंटरनेटवर फुकट दिसतात. रविवारी चहाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये सगळे आदल्या दिवशीचा सामना बघतात. शांताराम, मल्याळी मेकॅनिक, खुद्द अर्बाब. सगळे मिळून ‘क्वॅक’ करतात. ग्राहक दारातून परत जातात. अर्बाबने काल विचारलं, अमेरिकनांना हलवा आवडला का? मी म्हणालो, फार. आता खोटं एका बाजूला ओमानमध्ये आणि दुसऱ्या बाजूला ओहायोत, मध्ये मी.

देवेशला सांगू की नको? ३० तारखेला त्याच्या नोकरीचा फैसला. मामाचा सल्ला सल्ला नव्हताच, हे आत्ता कळलं तर पोरगा खचेल. आणि नाही सांगितलं तर तो पुढचा सल्ला मागेल. माझ्याकडे तर मिठाईशिवाय काही नाही.

कळावे. लोभ ठेव आणि फोनवर ओरडू नकोस, इथे स्पीकर आपोआप चालू होतो.

तुझा
तानाजी


चिपळूण
९ मे २०२६

चि. तानाजीस अ. आ.

नाम आणि क्रियापद यांतला फरक तुला चौथीत मी शिकवला होता. ‘प्रेक्षकांना आधी हलवा द्या’ असं लिहिलं असतंस तर एका शब्दाची शाई जास्त लागली असती. त्यातून आपल्या घरात त्या पदार्थाला कायम ‘मस्कती’ म्हणतात. तू डबा आणतोस तेव्हा पोरं ‘मस्कती आली’ म्हणून ओरडतात. हलवा म्हटल्यावर देवेशच्या डोक्यात तो येईलच कसा? माझ्याही आला नाही. मी ते पत्र तपासलं, क्रियापद समजूनच वाचलं, आणि वर आठ मार्क दिले. ते आता परत घेते.

देवेशला मी कालच सगळं लिहिलं. लपवाछपवीने चाललेलं मला चालत नाही. सोबत आणखी एक गोष्ट लिहिली, ती तूही ऐक. तू लिहिलंस मिठाईबद्दल. त्यात दोऱ्या नव्हत्या, छोटा स्टँड नव्हता, पोस्टमनपुढे हात धरून उभं राहणं नव्हतं. ते सगळं त्याने स्वतःच्या डोक्याने आणि स्वतःच्या पायांवर केलं. म्हणजे मुलगा तुझ्या सल्ल्यावर तरलेला नाही. मला तर फार बरं वाटलं. तुझ्या सल्ल्यावर तरला असता तर काळजी होती.

दुसरं. मी त्या २ तारखेच्या सामन्याचं रेकॉर्डिंग बघितलं. सहज, शेंगा सोलता सोलता. आपल्या पोरांनी चेंडू सरळ जाळ्यात घातला, सगळे नाचले, आणि एका माणसाने झेंडा वर करून तो नाही म्हणून सांगितलं. हा कुठला न्याय? याला ऑफसाइड म्हणतात असं तुझे भावोजी म्हणाले, पण त्यांना समजावता आलं नाही. तू नीट लिहून कळव. उदाहरण दे. मिठाईचं नको.

कळावे. लोभ आहे, भाषा सुधार.

रखमा


वादी कबीर
१८ मे २०२६

चि. देवेश यास अ. उ. आ.

अक्काने सगळं सांगितलंच आहे, तेव्हा मी काय लिहू? तुझं नुसतं ‘मामा!!!’ एवढंच आलेलं पत्र अक्काने मायना नाही म्हणून नापास केलं, पण मी ते नीट समजलो. आधी हसलास, मग घाबरलास. घाबरू नकोस. हाच सल्ला दुसऱ्या कोणाला दिला असता तर त्याने गावभर शिरा वाटला असता आणि स्टँड तसेच रिकामे राहिले असते.

अर्बाबलाही खरं सांगितलं. तो इतका हसला की त्याची टोपी पडली. मग गंभीर होऊन म्हणाला, माझा काकाही हलवा वाटतो तो लोकांना हलवण्यासाठीच. मला हे आधी का सुचलं नाही कोण जाणे.

अक्काला ऑफसाइड शिकवण्यात दोन रविवार गेले. रेशनच्या रांगेचं उदाहरण दिलं : रांगेतल्या सगळ्यांच्या पुढे जाऊन आधीच खिडकीपाशी उभं राहायचं आणि मागून पिशवी मागवायची, हे चालत नाही. तिला ताबडतोब पटलं. आता ती आपल्याच खेळाडूंना शिव्या देते.

आणि काउंटरची खुर्ची मी संगमेश्वरच्या एका पोराला, आशुतोषला, दिली. कालपासून बसला. तुला वाईट वाटू नये म्हणून आधी विचारणार होतो, पण मग वाटलं, विचारलं तर तू पुन्हा विचार करशील. अमेरिकेत फुटबॉल मोठा होणार नाही, हे मत मी सोडलेलं नाही. खुर्ची सोडली.

कळावे. लोभ आहे, जागा नाही.

तुझा
तानामामा

ता. क. दादा, ३० तारखेला आमच्या बिल्डिंगमधले सगळे तुझी मॅच बघणार आहे. माझी फ्रेंड रईसा आणि मी पोस्टमन अंकलसाठी पोस्टर बनवली. तो कॅमेरात आला तर सांग ना हात हलव. (हा व्हर्ब आहे, आत्या.)


मिलब्रुक
८ जून २०२६

ती. आईस व ती. मामांना सा. न. वि. वि.

क्लब मिलब्रुकमध्येच राहणार आहे. मिस्टर हॅनिगननी शनिवारी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि त्यांच्या वकिलांनी आज माझ्या परवान्याच्या कागदांवर त्यांची सही घेऊन दुजोरा दिला. त्या दुसऱ्या शहरातल्या माणसाला नाही म्हणून कळवलं आहे.

आई, तुझं पत्र आलं तेव्हा मी खरंच घाबरलो होतो. जे काम चुकून झालं ते पुन्हा कसं करायचं? ३० तारखेला सामन्याआधी एकटाच त्या स्टँडखाली उभा राहिलो. तेव्हा वरून आवाज आला. डॉबिन्स एका नव्या माणसाला सांगत होते, असं लांब बसायचं नाही, इथे सरकून बसायची पद्धत आहे. पद्धत! सहा आठवड्यांपूर्वी ज्यांना मी हात धरून खाली आणलं, ते आता पद्धत सांगत होते. मला कोणाला हलवायची गरजच पडली नाही.

आता नवीन कटकट. मिस्टर हॅनिगन इतके खूश आहेत की त्यांना समोरचा मोठा स्टँडही उघडायचा आहे. मी नको म्हणालो. ते म्हणाले, तिकिटं मागणारी माणसं दारात असताना विकायची नाहीत, हा कसला धंदा? मी सांगितलं, आत्ता उघडलं तर पुन्हा प्रत्येक जण चार खुर्च्या सोडून बसेल. इथे लोक खेळ बघायला येतात त्याच्याइतकंच शेजारचा काय बोलतो ते ऐकायला येतात. आधी हा स्टँड पूर्ण मुरू द्या, मग शेजारचा एक उघडू. हा वाद पूर्ण दुपारभर चालला. शेवटी ते म्हणाले, ओमानच्या अंकलना विचार. मी म्हणालो, या वेळी माझं ऐका. त्यांनी ऐकलं.

मामा, तुमचा मुद्दा अजून उभाच आहे. अमेरिकेत फुटबॉल मोठा होईल का, ते मला माहीत नाही. आमच्याकडे तो एका गोलच्या मागे, एका स्टँडपुरता झाला आहे. गुरुवारी विश्वचषक सुरू होतोय. ऑफिसात दोन तट आहेत. काही म्हणतात, त्यामुळे लोकांना चटक लागेल आणि ते आमच्याकडेही येतील. काही म्हणतात, जगातले उत्तम खेळाडू घरबसल्या दिसत असताना आमची बदकं बघायला कोण कुत्रं येईल.

त्याचं उत्तर पाच दिवसांत मिळेल. या शनिवारी, १३ तारखेला संध्याकाळी सात वाजता आमचा सामना आहे, आणि नेमक्या त्याच वेळी टीव्हीवर विश्वचषकाचा. आमची तिकिटं आज दुपारी संपली. त्यानंतरही फोन येत आहेत. एक बाई म्हणाल्या, तिकीट नसलं तरी मी येणार आणि गेटवर उभी राहून भांडणार. मॅनेजर बाईंच्या अंदाजाप्रमाणे तसे शे-दोनशे लोक येतील. तिकीट न मिळाल्यामुळे चिडलेला माणूस या क्लबने आजवर पाहिलेला नाही. त्याच्याशी कसं बोलायचं हे कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे गेटवर मला उभं करणार आहेत. मी शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे.

कळावे. लोभ असावा, आणि शनिवारी सात वाजता थोडा जास्त असावा.

तुमचा
देवेश